सोलेन्तिनामेचे निरूपण

‘मुक्तीचे ईशज्ञान’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या कानी पडला म्हणजे त्याच्या मनात प्रथम मोक्षाची कल्पना उभी राहते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. ‘मुक्ती’ हा शब्द आपल्या भाषेत शतकानुशतके जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याच्या अर्थानेच रुळला आहे. पेरू देशातील धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ (१९२८–२०२४) ह्यांनी १९७१ साली लिमा येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथास हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात असलेली मुक्ती ह्याच लोकातील होती. जमीनदार, परकीय भांडवल, लष्करी सत्ता आणि ह्या तिघांच्या पंक्तीस बसलेले धर्मपीठ, ह्या सर्वांच्या दडपणातून गरिबाची सुटका, हा तिचा अर्थ. पाप केवळ माणसाच्या अंतःकरणात शोधू नये, समाजाच्या घडणीतही शोधावे. आणि ईश्वराविषयी बोलू लागण्यापूर्वी गरिबाच्या बाजूस जाऊन उभे राहावे, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे भरलेल्या लॅटिन अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने ह्या विचारासाठी भूमी तयार केली होती. पुढे १९८४ साली रोमने एक सूचनापत्र काढून त्यातील मार्क्सवादी उसनवारीविषयी इशारा दिला. त्यापूर्वीच, १९८० साली, एल साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो ह्यांना उपासना चालू असता गोळी घालून ठार मारण्यात आले होते. त्याच रोमने २०१८ साली त्यांना संतपद दिले.

ह्या विचाराची जी चर्चा आमच्या वाचनात आली ती बहुधा सिद्धांतांची आहे. मार्क्सकडून किती घेतले, रोमला नेमके काय खटकले, ह्याच प्रश्नांभोवती ती फिरते. आम्हांस येथे तिचे एक निराळे अंग पाहावयाचे आहे. धर्मग्रंथावरील टीका हा एक वाङ्मयप्रकार आहे. आपल्या भाषेच्या साहित्याची तर उभारणीच त्याच्यावर झालेली आहे. ह्या चळवळीने तो प्रकार कोणाच्या हाती दिला, आणि तसे केल्याने त्या प्रकाराचे काय झाले? गुतिएरेझ ह्यांच्या ग्रंथात ह्याचे उत्तर मिळत नाही. ते मिळते निकाराग्वाचे कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल ह्यांनी संकलित केलेल्या ‘सोलेन्तिनामेतील शुभवर्तमान’ ह्या ग्रंथात. मूळ स्पॅनिश ग्रंथाचा पहिला भाग १९७५ साली स्पेनमधील सालामान्का येथे निघाला व दुसरा १९७७ साली. इंग्रजी अनुवादाचे चार खंड झाले, आणि आम्ही तो ग्रंथ त्या इंग्रजीतूनच वाचला आहे.

सोलेन्तिनामे हा निकाराग्वा सरोवराच्या दक्षिण भागातील बेटांचा एक समूह. सरोवर आठ हजार चौरस किलोमीटरांहूनही मोठे. त्यात ही तीसेक बेटे, आणि त्यांवर विखुरलेली शेतकऱ्यांची व मासेमाऱ्यांची गवताने शाकारलेली घरे. कार्देनाल सांगतात त्याप्रमाणे वस्ती अवघी हजाराची, कुटुंबे नव्वदाच्या आसपास. १९६६ साली त्यांनी ह्यांपैकी मान्कारोन नावाच्या बेटावर एक लहानसा आश्रम स्थापन केला. तेथील चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत प्रवचन होत नसे. शुभवर्तमानाच्या प्रती, ज्यांना वाचता येते त्यांच्या हाती दिल्या जात. पुष्कळांना, विशेषतः वृद्धांना, वाचता येत नसे. म्हणून चांगले वाचणारा एखादा मुलगा किंवा मुलगी त्या दिवसाचा भाग मोठ्याने वाचून दाखवी आणि मग एकेका वचनावर बोलणे सुरू होई. कधी हे चर्चमध्ये चाले, कधी समोरच्या झोपडीत, जेथे उपासनेनंतर सर्वांचे एकत्र जेवण होई. सर्वांनाच येता येत नसे, कारण सर्वांजवळ होडी नसे. आरंभीची कित्येक बोलणी अशीच हवेत विरली. नंतर कार्देनाल ह्यांनी ती आठवून लिहून ठेवण्यास सुरुवात केली आणि त्याही पुढे ध्वनिमुद्रणयंत्र आणले.

एका गोष्टीकडे अध्यापकमंडळींचे लक्ष वेधावेसे वाटते. बायबलचे अनेक स्पॅनिश अनुवाद उपलब्ध असताना ह्या कॅथलिक धर्मगुरूने प्रॉटेस्टंटांनी केलेला एक अनुवाद निवडला, आणि त्याचे कारण एवढेच की त्याची भाषा खेडुताला कळणारी होती. पंथापेक्षा भाषेला मान देण्याचा हा निर्णय आम्हांस त्या साऱ्या उपक्रमाच्या मुळाशी असलेला वाटतो. ज्याला वाक्य कळले नाही त्याला त्या वाक्याशी भांडता येत नाही.

ग्रंथाची प्रस्तावना एखाद्या नाटकाच्या पात्रपरिचयासारखी आहे. मार्सेलिनो हा गूढवृत्तीचा. त्याची बायको रेबेका प्रत्येक गोष्ट प्रेमाकडे नेणारी. ओलिव्हिया शास्त्राच्या अंगाने बोलणारी. एल्व्हिसच्या डोळ्यांपुढे सदैव भविष्यातला परिपूर्ण समाज. म्हातारा तोमास पेन्या निरक्षर, परंतु मोठा शहाणा. त्याचा मुलगा फेलिपे श्रमिकांच्या लढ्याचे भान असलेला. लाउरेआनो कशाचाही संबंध क्रांतीशी जोडणारा. आणि पांचो जुन्या वळणाचा. कार्देनाल ह्यांनी केलेल्या ह्या वर्णनात थट्टा आहे आणि मायाही आहे. त्यांनी हेही नमूद केले आहे की ह्या ग्रंथाचा खरा कर्ता आपण नव्हे. ज्या आत्म्याने ह्या माणसांना बोलते केले तोच कर्ता होय. श्रद्धाळू माणसाची ही नम्रता आम्ही खरी मानतो. परंतु टीकाकाराला तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण बोलणे आत्म्याचे असले तरी निवड आणि मांडणी कवीची आहे.

आणि हा कवी साधा नव्हता. १९२५ साली ग्रानादा शहरातील एका सधन घराण्यात जन्मलेले कार्देनाल मेक्सिको व न्यूयॉर्क येथे शिकले, १९५४ साली सोमोसाविरुद्धच्या फसलेल्या कटात सामील झाले आणि १९५७ साली अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या एका मठात दाखल झाले. तेथे त्यांचे गुरू होते थॉमस मर्टन. त्यांची काव्यविषयक भूमिका अशी की कवितेत बाहेरचे जग यावे : नावे, तारखा, किमती, वर्तमानपत्रातील बातम्या, ठिकाणांचे तपशील. १९६४ साली निघालेल्या त्यांच्या ‘साल्मोस’ ह्या संग्रहात त्यांनी जुन्या करारातील स्तोत्रे पुन्हा लिहिली आणि त्यांतील शत्रूंच्या जागी आपल्या काळातले हुकूमशहा व प्रचारयंत्रे बसवली. त्या स्तोत्रांत जोर आहे. पण त्यांत सर्वांच्या वतीने एकटा कवीच बोलतो. सोलेन्तिनामेत त्याच कवीने आपला आवाज खाली आणला आणि इतरांच्या वाक्यांसाठी जागा केली. ‘साल्मोस’मध्ये गरीब हा कवितेचा विषय आहे, येथे त्याला नाव आहे, स्वभाव आहे, आणि मधूनमधून तो चुकीचेही बोलतो. आमच्या मते कार्देनाल ह्यांच्या एकूण वाङ्मयात ही सर्वांत धाडसी रचना होय, मग तिला कोणी काव्य न म्हणो.

ग्रंथातील दोन स्थळे उदाहरणादाखल घेऊ. मरियेने गायिलेल्या स्तोत्रात बलवंतांना आसनांवरून खाली ओढल्याचा व दीनांना उंचावल्याचा उल्लेख आहे. ह्यावर प्रश्न निघतो की गावातल्या एका बाईने असले गाणे म्हटले हे हेरोद राजाला कळले असते तर तो काय म्हणाला असता? कोणी म्हणते, तिला वेड लागले आहे असे म्हणाला असता. कोणी म्हणते, तिला कम्युनिस्ट ठरवले असते. त्यावर लाउरेआनो ठासून सांगतो की ठरवण्याचा प्रश्नच नाही, ती होतीच. मग आपण इथे बोलतो ते निकाराग्वात इतरांच्या कानी गेले तर काय म्हणतील, असे विचारले जाते आणि उत्तर साहजिकच तेच येते. दुसरे स्थळ पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांचे. ताऱ्याच्या मागोमाग आलेले हे विद्वान मुक्तिदात्याची चौकशी करावयास थेट राजवाड्यात गेले, ही त्यांची घोडचूक झाली, असे ह्या शेतकऱ्यांचे मत पडते. निकाराग्वाला सोडवणारा कुठे जन्मला आहे असे आज सोमोसालाच जाऊन विचारावे, तसला तो प्रकार. शतकानुशतके धर्मपंडितांनी ह्या ज्ञानी पुरुषांची भेटवस्तूंवरून, ताऱ्यावरून, देशावरून चर्चा केली. पण ज्याच्या दारावर राष्ट्ररक्षक दलाचा शिपाई कधीही थाप मारू शकतो त्याला ह्या कथेत प्रथम दिसते ती त्या विद्वानांची भाबडी चौकशी आणि तिच्यामुळे बेथलेहेमच्या लेकरांवर ओढवलेला संहार. कथेतला हा कार्यकारणभाव मुळात आहेच. तो पाहावयास राजवाड्याची भीती असलेला डोळा लागतो. सोलेन्तिनामेच्या शेतकऱ्यांनी पुढे ह्याच कथांवर चित्रेही काढली; त्यांपैकी एका चित्रात बालकांची कत्तल करणारे शिपाई आजच्या लष्करी गणवेषात आहेत.

येथे आम्हां मराठी वाचकांस, त्यातही गोमंतकाशी संबंध असलेल्यांस, आपल्या भाषेतील एका ग्रंथाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. निकाराग्वाप्रमाणे गोव्यातही शुभवर्तमान राज्यकर्त्याच्या जहाजातून आले. १५६० साली येथे धर्मसमीक्षणसभा, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाली. १५८३ साली साष्टीतील कुंकळ्ळीस पाच जेजुइट मारले गेले आणि त्याचा सूड गावच्या गांवकरांवर उगवण्यात आला. त्याच साष्टीतील राचोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाची भाषा, तिची गोडी आणि तिच्या कर्त्याचा मराठीचा अभिमान ह्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, ते सारे येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. आम्हांस त्याच्या आरंभीचा प्रसंग तेवढा महत्त्वाचा वाटतो. रविवारची दुपार आहे, चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले आहे, आणि नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी आम्हांस का देत नाही? ह्या प्रश्नातून पुराण सुरू होते आणि पुढे जागोजागी श्रोते शंका विचारतात व पाद्रीगुरू तिचे निरसन करतात.

हा प्रश्न किती बोलका आहे! ज्याच्याकडून काही काढून घेतले गेले आहे त्याने ते काढून घेणाऱ्याकडेच केलेली ही मागणी आहे. स्टीफन्स ह्यांनी ती दडपली नाही, आपल्या ग्रंथाच्या दर्शनी भागात बसवली, ह्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. परंतु त्या रविवारी आणि सोलेन्तिनामेच्या रविवारी एक मूलभूत फरक आहे. साष्टीत प्रश्न लोकांचा आणि उत्तर गुरूचे. सोलेन्तिनामेत प्रश्न बहुधा गुरूचा आणि उत्तर लोकांचे. एवढ्या अदलाबदलीने निरूपणाचा सारा डोलारा बदलतो. ज्याच्याकडे उत्तर असते त्याच्याकडे ग्रंथाचा अर्थ असतो, आणि ज्याच्याकडे अर्थ असतो त्याच्याकडे सत्ता असते. मध्ययुगीन संवादग्रंथांत शिष्याचे काम होते ते गुरूला पुढे बोलण्यास निमित्त देण्याचे. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’तही (१८७३), जिचा सारा रोख धार्मिक वर्चस्वावर आहे, धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. विचार बंडखोर असूनही संवादाची चाल जुनीच राहू शकते, हे त्यावरून दिसते.

मात्र ‘प्रश्न गुरूचा आणि उत्तर लोकांचे’ एवढ्याने काम भागत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येक शिक्षक जाणतो. वर्गात आपण दिवसभर प्रश्न विचारतो, आणि त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे आपल्या खिशात असतात. मूल उत्तर शोधीत नाही. आपल्या चेहऱ्यावरून ते खिशातले उत्तर ताडण्याचा प्रयत्न करते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलू फ्रेइरी ह्यांनी नेमका ह्याच ठिकाणी घाव घातला होता. १९६३ साली त्यांनी ईशान्य ब्राझीलमधील आंगिकोस येथे सुमारे तीनशे प्रौढ मजुरांना, त्यांच्याच कामाधंद्यातले शब्द घेऊन, काही आठवड्यांत लिहावाचावयास शिकविले. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि त्यांना आधी तुरुंग व मग परदेश पाहावा लागला. त्यांच्या मते, शिक्षकाने ठेव ठेवावी आणि विद्यार्थ्याने ती सांभाळून परत करावी, ह्या रीतीने शिकलेला माणूस साक्षर होतो, पण मोकळा होत नाही. मुक्तीच्या ईशज्ञानाने आपली संवादाची पद्धत ज्यांच्याकडून घेतली त्यांत फ्रेइरी अग्रभागी आहेत. म्हणून ह्या ग्रंथास त्यांची कसोटी लावणे अन्यायाचे होणार नाही.

ती लावली असता ग्रंथाची पाने दोन जातींची निघतात. काही पानांवर कार्देनाल खरोखरच ऐकतात. काही पानांवर मात्र ते मध्येच मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सांगतात, जुन्या संदेष्ट्यांचा आधार देतात, मार्क्सचा उल्लेख करतात, आणि त्यांच्या ह्या बोलण्यानंतर चर्चेचे पाणी एकाच पाटाने वाहू लागते. १९७० साली ते क्यूबास जाऊन आले आणि आपण मार्क्सवादी झालो असे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. त्या निष्ठेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ह्याची की देवाचे राज्य म्हणजे क्रांती आणि हेरोद म्हणजे सोमोसा हे समीकरण एकदा फळ्यावर लिहिले गेले की तोमास पेन्याच्या शहाणपणाला करण्यासारखे काही उरत नाही. ज्ञानी पुरुषांच्या कथेत हेच समीकरण नवीन प्रकाश पाडते, कारण तेथे ते कथेच्या तपशिलातून वर येते. इतरत्र ते आधीच ठरलेले असते आणि वचन त्याच्याकडे हाकीत नेले जाते. चार खंड सलग वाचणारास हा एकसुरीपणा जाणवल्यावाचून राहत नाही. लाउरेआनोने तोंड उघडण्यापूर्वीच तो काय म्हणणार हे आपल्याला कळू लागते. प्रस्तावनेतील ती थट्टा कार्देनाल ह्यांनी स्वतःवरही थोडी केली असती तर ग्रंथाचे हितच झाले असते.

ही केवळ रुचीची बाब असती तर आम्ही इतका वेळ तिच्यावर घालवला नसता. परंतु ह्या निरूपणाची किंमत ते करणाऱ्यांनी प्राणांनी मोजली आहे. १३ ऑक्टोबर १९७७ रोजी ह्या बेटांवरील काही तरुणांनी सांदिनिस्तांच्या बाजूने सान कार्लोस येथील लष्करी ठाण्यावर हल्ला केला. त्यानंतर एल्व्हिस आणि दोनाल्द हे दोघे पकडले जाऊन मारले गेले. फेलिपेही ह्याच लढ्यात गेला. राष्ट्ररक्षक दलाने बेटावरचा आश्रम उद्ध्वस्त केला. कार्देनाल परदेशात होते; शुभवर्तमानाच्या वाचनानेच आपल्या माणसांना इथवर आणले असे त्यांनी लिहिले. १९७८ साली अमेरिकेतील जेजुइट कवी डॅनिएल बेरिगन ह्यांनी त्यांना एक उघडे पत्र लिहून शस्त्राच्या ह्या समर्थनाबद्दल स्नेहानेच पण स्पष्ट शब्दांत जाब विचारला. बेरिगन हे व्हिएतनाम युद्धाला विरोध करून तुरुंगात गेलेले, तेव्हा घरात बसून उपदेश केल्याचा आरोप त्यांच्यावर करता येत नाही. ज्यांच्या दारात बंदूक उभी होती त्यांनी ती उचलली म्हणून त्यांचा निवाडा करण्यास आम्ही मात्र धजत नाही. भविष्यातल्या परिपूर्ण समाजाविषयी सतत बोलणारा एल्व्हिस त्या समाजाच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचला नाही, हे वाचताना मात्र पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते.

१९ जुलै १९७९ रोजी क्रांती यशस्वी झाली. सोमोसा घराण्याची चाळीसहून अधिक वर्षांची सत्ता संपली. कार्देनाल संस्कृतिमंत्री झाले, आणि १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल मानाग्वाच्या विमानतळावर उतरले तेव्हा त्यांच्यापुढे गुडघे टेकलेल्या ह्या मंत्र्यास त्यांनी बोट उगारून समज दिली. ते छायाचित्र जगभर गेले. पुढच्याच वर्षी कार्देनाल ह्यांच्यावर धर्मकृत्ये करण्याची बंदी आली. ती पोप फ्रान्सिस ह्यांनी उठवली २०१९ साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. एव्हाना त्यांना दुसरीकडून दरवाजे बंद झाले होते. १९९४ साली त्यांनी सांदिनिस्त पक्ष सोडला होता आणि २००७ साली पुन्हा सत्तेवर आलेल्या दानिएल ओर्तेगा ह्यांचे ते कठोर टीकाकार बनले होते. २०१८ सालच्या उठावात तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. १ मार्च २०२० रोजी कार्देनाल निवर्तले. मानाग्वाच्या कॅथीड्रलमधील त्यांच्या अंत्यविधीत सरकारच्या पाठीराख्यांनी शिरून त्यांना देशद्रोही म्हणून घोषणा दिल्या. रोलान्दो आल्व्हारेस ह्या बिशपांना २०२३ साली सव्वीस वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि २०२४ च्या आरंभी देशाबाहेर धाडण्यात आले.

राजवाडा तोच राहिला आणि आत बसणारा बदलला. मग ज्ञानी पुरुषांच्या त्या कथेचे आता काय करावयाचे? काही समीक्षक म्हणतील की ह्या इतिहासाने ‘सोलेन्तिनामेतील शुभवर्तमान’ कालबाह्य ठरवले. आम्हांस तसे वाटत नाही. कालबाह्य ठरली ती त्या समीकरणांची पाने. मुक्तिदाता राजवाड्यात शोधू नये, हे ज्या शेतकऱ्याने म्हटले त्याने सोमोसाचे नाव घेतले खरे. पण त्याचे वाक्य सोमोसाबरोबर संपत नाही. ते पुढच्या राजवाड्यालाही लागू पडते, आणि क्रांतीचे राज्य हेच देवाचे राज्य असे मानणाऱ्या स्वतः कार्देनाल ह्यांनाही लागू पडते. आठ वर्षे ते त्या राजवाड्याच्या आवारात मंत्री होते, आणि आपल्याच संकलनातल्या त्या वाक्याचा प्रत्यय त्यांस यावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

त्यामुळे ह्या ग्रंथाच्या पुनर्वाचनात आमचे लक्ष पुन्हापुन्हा पांचोकडे जाते. पहिल्या वाचनात तो आम्हांस अडगळीसारखा वाटला होता. सर्वांची एकतानता साधत आली की हा जुन्या वळणाचा माणूस काही तरी हरकत घेतो, इतर त्याला खोडून काढतात आणि गाडे पुढे जाते. त्याच्या बऱ्याच हरकती आम्हांसही पटत नाहीत. परंतु तो आहे म्हणूनच इतरांना आपले म्हणणे नीट मांडावे लागते; तो आहे म्हणून ती सभा ही सभा राहते. कार्देनाल ह्यांनी त्याला गाळले नाही. संकलकाच्या हाती कात्री असताना, आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्याला त्याच्या नावानिशी छापणे हे आम्ही ह्या ग्रंथातले त्यांचे सर्वांत मोठे काम समजतो, प्रस्तावनेतल्या आत्म्याविषयीच्या विधानाहूनही मोठे. ज्या क्रांतीत पुढे पांचोला जागा उरली नाही, तिच्यात काही वर्षांनी कार्देनाल ह्यांनाही उरली नाही.

हा ग्रंथ मराठीत यावा असे आम्हांस वाटते; निदान त्यातील निवडक वीस-पंचवीस प्रकरणे तरी. पण अनुवादकापुढे जी अडचण उभी राहील ती ईशज्ञानाची नाही, भाषेची आहे. तोमास पेन्याने कोणत्या मराठीत बोलावे? आपल्या छापील प्रमाणभाषेत तो बोलला तर तो पांडित्य करणारा वाटेल. नाटकसिनेमांतून रूढ झालेल्या ठरावीक ‘ग्रामीण’ भाषेत बोलला तर तो विदूषक होईल, आणि ते अधिक वाईट. स्टीफन्स ह्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारांनी दिले होते : पुराण मराठीत रचले, आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे मात्र ऐकणाऱ्यांच्या घरच्या बोलीत, म्हणजे कोंकणीत, लिहिली, ती १६२२ साली छापून निघाली. आजच्या अनुवादकाने ह्या दुसऱ्या वाटेचा विचार करावा असे सुचवावेसे वाटते. आपल्या प्रांतातील एखाद्या खेड्यात, बेळगावकडच्या किंवा सत्तरीतल्या, ज्यांना वाचता येत नाही अशा पाचसहा वृद्धांसमोर एखाद्या चांगल्या वाचणाऱ्या मुलीकडून ज्ञानी पुरुषांचे ते प्रकरण वाचवून घ्यावे, आणि ती माणसे ते एकमेकांना पुन्हा कसे सांगतात हे टिपून घ्यावे. त्यांत एखादा पांचो निघालाच, तर त्याचेही म्हणणे वगळू नये.